तुरटीचा गाळ

आम्ही शहराला पाणी देतो, तेव्हा त्या पाण्यातून काढलेली घाण जाते कुठे, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत एकाही माणसाने विचारलं नाही. नळाला पाणी उशिरा आलं की फोन येतात. गढूळ आलं की लोक बाटल्या घेऊन फाटकात उभे राहतात. पण स्वच्छ पाण्यामागे रोज जो गाळ साचतो, त्याची चौकशी करायला कोणी आल्याचं मला आठवत नाही.

मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. धरणातून आलेल्या पाण्यात तुरटी सोडतात. तुरटी मातीचे बारीक कण धरून तळाशी बसते आणि वरचं नितळ पाणी पुढे जातं. खाली राहतो तो गाळ. फिकट तपकिरी, हाताला बुळबुळीत, थंड झालेल्या पेजेसारखा. टाक्या धुतल्या की तो मागच्या वाफ्यांत सोडायचा, उन्हात वाळवायचा, भेगा पडल्या की खणून ढीग करायचा. ढीग फार वाढले की कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो आणि कुठल्या तरी खड्ड्यात नेऊन टाकतो. पावसाळ्यात वाफे भरून वाहतात तेव्हा तर तो सरळ नाल्याला लागतो. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत असतं आणि कोणी त्यावर बोलत नाही.

माझं माहेर तिसगावच्या बाजूला. गावाखाली एक पाझर तलाव आहे, आम्ही त्याला तळंच म्हणतो. त्यातल्या मासेमारीचा ठेका पुष्कळ वर्षं चाचांकडे होता. चाचा म्हणजे आमच्या वडिलांचे शेजारी. त्यांना सारं गाव चाचाच म्हणायचं, त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेलेसुद्धा. पाणी आलं की ते रोहू-कटल्याचं बी, म्हणजे माशांची बारीक पिल्लं, आणून सोडायचे, त्याला वाढवायचे आणि उन्हाळा लागला की तिसगावच्या बाजारात मासे विकायचे. आई-वडील गेल्यावर मी माहेरी गेले की भावाच्या घरी चहा घ्यायचे आणि मग चाचांच्या ओट्यावर जाऊन बसायचे.

एका उन्हाळ्यात सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. मी तेव्हा नगरमधल्या सावेडीतल्या घरून स्कूटर काढून कामाला निघाले होते.

"पोरी, तू पान्याची डॉक्टर ना? ये आन् बघ काय झालंय."

मी रजा टाकून गेले. तळ्याच्या काठावर पांढरी पोटं वर करून मासे पडले होते. वाऱ्याने ते सगळे एका बाजूला ढकलले होते आणि तिथे उभं राहवत नव्हतं. पाणी हिरवंगार होतं, घराला लावायच्या रंगासारखं. चाचा बांधावर बसले होते. कोणीतरी औषध टाकलं, असं त्यांना वाटत होतं. गावातही तेच बोललं जात होतं आणि कोणी टाकलं असेल त्याची नावंसुद्धा ठरली होती.

"औषध नाही टाकलं कोणी," मी म्हणाले. "शेवाळ आहे हे. दिवसा हवा सोडतं, रात्री तीच ओढून घेतं. पहाटे माशांना पाण्यात श्वास घेता येत नाही."

"शेवाळ तर पयल्यापासून हाय की."

"इतकं नव्हतं."

मी पाण्याच्या बाटल्या भरून नेल्या. प्रयोगशाळेत एक साधी तपासणी असते. पाण्यात रसायन घालायचं आणि थांबायचं. शेवाळ ज्यावर पोसतं तो फॉस्फरस असेल तर पाणी निळं होतं. जितका निळा रंग गडद, तितका फॉस्फरस जास्त. चाचांच्या तळ्याचं पाणी शाईसारखं निळं झालं.

पुढच्या रविवारी मी तळ्याला मिळणाऱ्या ओढ्याने वर वर चालत गेले. ठिकठिकाणी बाटल्या भरल्या. ओढा पावसाळ्याखेरीज कोरडा असायचा, निदान आमच्या लहानपणी. आता त्यात बारा महिने पाण्याची काळी धार होती. ती कुठून येते ते शोधायला फार चालावं लागलं नाही. गावाच्या वरच्या अंगाला गोठे झाले होते, संकरित गायींचे, सिमेंटच्या गव्हाणींचे. सकाळ-संध्याकाळ पाइप लावून शेण-मूत धुऊन काढायचे आणि ते सगळं ओढ्याला. दूध संकलन केंद्राचं धुण्याचं पाणीही त्यातच. गोठे बरेच होते, पण सगळ्यात मोठा माझ्या धाकट्या भावाचा होता.

भावाविषयी कोणी वाईट बोललेलं मला आजही चालत नाही. वडिलांच्या मागे त्याने घर उभं केलं ते गायींवर. त्याच्या गोठ्यात पंखे होते, आमच्या आईच्या स्वयंपाकघरात कधी पंखा नव्हता. तो पहाटे उठायचा, स्वतः दूध काढायचा, आजारी गाईजवळ बसून राहायचा. मी त्याला गोठ्याच्या दारात उभं राहून सगळं समजावून सांगितलं. फॉस्फरस म्हटल्यावर त्याला कळेना, म्हणून स्फुरद म्हटलं. खताच्या पिशवीमुळे तो शब्द त्याला पाठ होता.

"स्फुरद तर चांगलं की ताई. पिकाला आपन इकत आनून टाकतो."

"पिकाला चांगलं, तेच शेवाळालाही चांगलं. तुझ्या गोठ्यातून फुकट खत जातंय तळ्याला."

तो हसला. "मग चाचाला सांग, खताचं काईतरी दे म्हनावं."

मीही हसले. तेव्हा आम्ही दोघं एकमेकांवर हसू शकत होतो.

तुरटीचा गाळ फॉस्फरस धरून ठेवतो हे मी कॉलेजात शिकले होते आणि नंतर विसरले होते. तुरटीतलं ॲल्युमिनियम मातीचे कण धरतं तसं फॉस्फरसलाही धरतं, आणि टाकीतून निघाल्यावरही त्याची धरायची ताकद संपलेली नसते. मी मागच्या ढिगातला वाळका गाळ आणला, खडीएवढे तुकडे केले, ओढ्याच्या पाण्यात घालून हलवत ठेवले. दुसऱ्या दिवशी पाणी गाळून तपासलं. निळा रंग जवळजवळ आलाच नाही. मी पुन्हा केलं, तरी तेच. गाळातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरतंय का तेही पाहिलं. आपल्याकडचं पाणी जड, चुनखडीचं, त्यात ते उतरत नव्हतं. बाटली उजेडात धरून मी किती तरी वेळ उभी राहिले. जे आम्ही खड्ड्यात फेकत होतो, त्याची गरज माझ्याच माहेरच्या ओढ्याला होती.

आमच्या साहेबांना जाऊन विचारलं. ते चांगल्या मूडमध्ये होते.

"घेऊन जा ना मॅडम. आमची तर कटकटच कमी होईल. फक्त कागदावर काही नको."

कागदावर काही नको, हे त्यांनी इतकं सहज म्हटलं की मला ते खटकलं नाही. सरकारी कामात बरीच चांगली कामं अशीच होतात असं मी तेव्हा समजत होते.

भावाने ट्रॅक्टर दिला. दिला म्हणजे स्वतः चालवत नगरला आला. वाळका गाळ भरून नेताना रस्त्यात लोक विचारायचे, काय नेतोस? तो सांगायचा, "ताईचं औषध हाय तळ्याचं." चाचांनी गावातली चार माणसं आणली. ओढा तळ्याला मिळतो त्या तोंडाशी आम्ही आडवा चर खणला. तळाला दगड, वर खडी, मग गाळाचे तुकडे, पुन्हा खडी. पाणी त्यातून झिरपत जायचं. पावसाचा लोंढा आला तर बाजूने जायला वाट ठेवली. चाचा पहिल्या दिवशी जरा बिचकत होते. गाळाचा तुकडा हातात घेऊन त्यांनी वास घेतला.

"पोरी, हितनं काय इख तर न्हाई ना जायचं?"

मी त्यांच्यासमोर चरातून गळलेल्या पाण्याची बाटली भरून लॅबला नेली आणि दोन दिवसांनी निकाल सांगितला. त्यांनी मान हलवली. त्या वर्षी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त बी सोडलं.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा तळ्याच्या काठाला तळ दिसत होता. अगदी नितळ झालं असं मी म्हणणार नाही. मधोमध हिरवट होतंच, कारण तळाच्या चिखलात आधीचं पुष्कळ साठलेलं होतं. पण मासे मेले नाहीत. चाचांनी घरी बोलावून मला जेवू घातलं, त्यांच्या सुनेने तळलेले तुकडे वाढले आणि भावाच्या घरी डबा दिला. पंचायतीतली मंडळी येऊन चराशेजारी उभी राहून फोटो काढून गेली. फोटोत मी होते, भाऊ होता, चाचा मात्र मागे कुठे तरी राहिले. मला ते तेव्हा लक्षातही आलं नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात भावाने गोठा वाढवला. नवीन शेड, नवीन गायी.

"अरे, चर तेवढाच आहे," मी म्हणाले. "आधी शेणाला खड्डा कर. गोबर गॅस बसव. सगळं ओढ्याला सोडलंस तर गाळ किती दिवस धरेल?"

"तुझं औषध हाय की."

"औषध नाही ते. टोपली आहे असं समज. भरली की भरली. मग ती रिकामी करून नवीन घालावी लागते."

"मग घालू की नवीन. कोन नको म्हनतंय?"

पण नको म्हणणारे निघाले. आमच्या साहेबांची बदली झाली. नवीन साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, केंद्राबाहेर काही न्यायचं असेल तर वरून मंजुरी आणा. मी अर्ज केला, तो कुठे गेला कळलं नाही. भावाला मी दोनदा सांगितलं की निदान चरातला जुना गाळ काढून ठेव, मी काही तरी करते. तो म्हणायचा, दुधाचा टाइम सोडून बोल. मी बाटल्या भरून आणत होते. चराच्या वरचं पाणी आणि खालचं पाणी, दोन्ही आता सारखंच निळं होत होतं. टोपली भरली होती.

उन्हाळ्यात मासे पुन्हा मेले, आणि आदल्या खेपेपेक्षा जास्त, कारण सोडलेलं बीही जास्त होतं.

या वेळी गावाला औषध टाकणारा शोधावा लागला नाही. गाळ डोळ्यांसमोर होता. ग्रामसभेला मी मुद्दाम गेले. मला वाटलं, मी सांगितलं की लोकांना कळेल. मारुतीच्या देवळासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. पंचायतीतल्या एकाचा पुतण्या उठला. त्याला तळ्याचा ठेका हवा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"शहरातली घान आनून आपल्या पान्यात टाकली. गावाला इचारलं कुनी?"

मला वाटलं तो माझ्याकडे पाहील. तो चाचांकडे पाहत होता. हळूहळू सगळेच चाचांकडे पाहू लागले.

मी उठून उभी राहिले. "गाळ मी आणला. चाचांनी नाही. पहिल्या वर्षी मासे मेले नाहीत ते त्याच गाळामुळे."

"ताई, तुमी बसा," पंचायतीतले एक म्हातारे म्हणाले. फार मायेने म्हणाले. "तुमी आपल्या लेकीबाळी. तुमचा काय दोष न्हाई. तुमाला भरीला घातलं."

मी विज्ञानाची पदवीधर, वीस-पंचवीस वर्षं लोकांच्या पिण्याच्या पाण्याची जबाबदारी माझ्या सहीवर, आणि मला चौथीपर्यंत शिकलेल्या मासेवाल्या म्हाताऱ्याने भरीला घातलं. गावाला हे पटत होतं. मी खोटी ठरले असते तर परवडलं असतं. मला त्यांनी खोटी ठरवलंच नाही, मला मोजलंच नाही.

मी भावाकडे वळले. "तू सांग. ट्रॅक्टर कोणाचा होता?"

भाऊ मोबाईलमध्ये बघत होता. त्याने मान वर केली नाही.

मग मी जे बोलायचं ते बोलले. शेवाळ कशाने येतं, फॉस्फरस कुठून येतो, ओढ्यात बारा महिने कसली धार आहे, ती कोणत्या गोठ्यांतून येते. नाव घेतलं नाही, पण सगळ्यात मोठा गोठा म्हटल्यावर नावाची गरज नव्हती. गोठा नसलेलं घर त्या सतरंजीवर क्वचितच होतं.

तेव्हा भावाने मान वर केली.

"ताई," तो म्हणाला, आवाज न चढवता, "सासरी ऱ्हाऊन म्हायेरच्या गोठ्यात कशाला लक्ष घालती?"

मी बसले नाही, चपला घातल्या आणि चालत फाट्यावर आले. एसटी यायला वेळ होता. चाचा सभेतच होते. त्यांना उठून जाणं शक्य नव्हतं, उठले असते तर तोही गुन्हा ठरला असता.

ठेका पुतण्याला मिळाला. चर जेसीबीने उपसला आणि तो सगळा ढिगारा, गाळ, खडी, दगड, चाचांच्या जाळी ठेवायच्या झोपडीसमोर आणून टाकला. मुद्दाम टाकला की तिथे जागा मोकळी होती म्हणून टाकला, ते चाचांनी मला कधी सांगितलं नाही. पावसाळ्याआधी ते धरणावर गेले. तिथे त्यांचा एक नातेवाईक दुसऱ्याच्या हाताखाली मासे पकडायचा, त्याच्याबरोबर रोजाने काम करू लागले.

इकडे माझ्या कार्यालयात गाळ बाहेर नेल्याची तक्रार आली होती. नवीन साहेबांनी बोलावलं. मी म्हणाले, आधीच्या साहेबांनी परवानगी दिली होती. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मला तर काही आठवत नाही हो," पलीकडून आवाज आला. "मॅडम कामाच्या चांगल्या आहेत, पण असं काही मी कसं सांगेन?"

कामाच्या चांगल्या आहेत, एवढं मात्र त्यांना आठवलं. मला ताकीद मिळाली आणि काही महिने तक्रार कक्षात बसवण्यात आलं. तिथे मी नळाला पाणी उशिरा का आलं याची उत्तरं देत होते. खिडकीतून मागचे वाफे दिसायचे. ढीग वाढत होते.

चाचांना भेटायला मी एकदा धरणावर गेले. बरेच बारीक झाले होते. ओल्या लुंगीतच काठावर येऊन बसले, मला खोक्यावर बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पोरी, तू सांगत हुतीस ते खरं हुतं ना?"

"खरं होतं चाचा."

"गाळानं मासं न्हाई मेलं?"

"नाही."

त्यांनी लुंगीचं ओलं टोक पिळलं. "मग आपलं चुकलं कुटं?"

चूक काढून दाखवता आली असती तर मला झोप लागली असती.

भाऊबीजेला मी गेले नाही. भावाचाही फोन आला नाही. भावजयीने दिवाळीचा फराळ एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला, वर चिठ्ठी नव्हती.

या उन्हाळ्यात भावाची बोअर आटली. त्याने गायींसाठी तळ्यातून पाणी उचललं. हे मला भावजयीकडून कळलं, तीच चोरून फोन करते. काही गायी खाली बसल्या त्या उठेनात. एक गेली. जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं, पाणी तपासा. दोन दिवसांनी त्याच कंडक्टरबरोबर एक बाटली आली, झाकणाला दोरा बांधलेला. भावाने पाठवली हे सांगायची गरज नव्हती.

मला तोवर लॅबमध्ये परत घेतलं होतं, कारण दुसरं कोणी मिळालं नव्हतं. पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. निळसर हिरव्या शेवाळाच्या माळाच माळा. हे शेवाळ नुसतं माशांचा श्वास कोंडत नाही, जनावराच्या यकृतालाही लागतं. मी त्याच दुपारी भावाला फोन केला. सभेनंतर पहिल्यांदा.

"ते पाणी गायींना पाजू नकोस. टँकर मागव."

"बरं."

"शेवाळ विषारी आहे. ते कशावर वाढतंय ते तुला माहीत आहे."

त्याने फोन ठेवला नाही. मग म्हणाला, "ताई, तो गाळ मिळतो का आजून?"

"मिळतो. ढीग पडलेत."

"मंग ट्रॅक्टर आनू का?"

इतक्या दिवसांत मला किती तरी वाक्यं सुचली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. फार सरळपणे मी म्हणाले, "शेणाचा खड्डा खण. मग धरणावर जा, चाचांना भेट, सभेत जे बोलला नाहीस ते त्यांना सांग. त्यांना घेऊन ये. चर कुठे होता ते त्यांना माहीत आहे. मंजुरीचं मी बघते."

"बगतो," तो म्हणाला.

खड्डा त्याने खणला, असं भावजय म्हणाली. अर्धाच, पण खणला. मंजुरीसाठी मी या वेळी वरच्या कार्यालयात स्वतः जाऊन बसले. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, हो म्हटलेलं नाही.

ईदला चाचांना फोन केला. ख्यालीखुशाली झाली. मग विचारलं, गावातून कोणी येऊन गेलं का?

"न्हाई," ते म्हणाले. "का गं? कोन येनार हुतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "सहज विचारलं."